चाकाची सावड

पाणचक्की म्हटलं की लोकांना काहीतरी मौजेचं वाटतं. माझा मात्र खांदा दुखायला लागतो, आणि ते दुखणंही माझं नाही, आईचं. गेल्या महिन्यात नितीन, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, शहापूरला घरी आला आणि मला गाडीत घालून गावी घेऊन गेला. मुरबाडच्या पुढे, वैशाखरे गावाच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. ओढ्याकाठची जुनी पाणचक्की त्याला पुन्हा चालू करायची आहे. चाकावर वीज करायची, येणाऱ्या पाहुण्यांसाठी तंबू टाकायचे, तंबूंत दिवे लावायचे, पावसात गावाची लाइट गेली तरी आपले दिवे चालू, असं त्याचं गणित. "आत्या, ते चाक फिरताना बघितलेली आता तूच एक राहिलीस. सांग ना, कसं होतं ते," म्हणाला. सांगते बाबा, म्हटलं. नर्सच्या नोकरीत जन्मभर दुसऱ्यांची दुखणी ऐकली, एक घरचंही सांगून टाकू. पण बोलताना आता धाप लागते, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर कुडाच्या भिंतींचं, वर कौलं, पुढे पडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ. त्या उखळाभोवती घर चालायचं. भात घरचं, पण भाताचा तांदूळ व्हायला मुसळ लागायचं, आणि मुसळ म्हणजे आई. कोंबडा आरवायच्या आधी ती उठायची, शेजारची चांगुणाकाकी यायची आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाआड एक घाव घालायच्या. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. मध्ये कोणी बोलायचं नाही. नंतर सुपात पाखडायचं, कोंडा वेगळा, कणी वेगळी. आम्हा पोरांना सकाळी कणीची पेज मिळायची, मीठ आणि कधी भाजलेल्या बोंबलाचा तुकडा घालून. ती पेज मला आजही आवडते, पण मिक्सरमध्ये तांदूळ फिरवून केलेल्या कणीला ती चव येत नाही. गावात भात भरडायची गिरणी नव्हती. ती मुरबाडला, आणि मुरबाडला डोक्यावरून भात न्यायचं म्हणजे एक दिवस मोडायचा. मोडायला दिवस कोणाकडे होता? म्हणून सगळ्या गावच्या बायका पहाटे कांडायच्या. आंघोळीला माझी पाठ चोळताना आईच्या तळहाताचे घट्टे टोचायचे. मी कुरकुर केली की ती हात उलटा करून मागच्या बाजूने चोळायची.

बाबा लग्नाआधी अंबरनाथला एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीला होते. आजोबा गेल्यावर शेती बघायला परत आले, पण मन तिकडेच राहिलं. नांगर धरताना त्यांचं लक्ष नसायचं, आणि कोणाचं घड्याळ, सायकल, शिवणयंत्र बिघडलं की तहानभूक विसरायचे. माणूस चांगला. हसरा, हातचं न राखणारा, कोणालाही नाही न म्हणणारा. घरातल्या माणसाला असला चांगुलपणा फार महाग पडतो, हे मला लग्नानंतर कळलं. ओढ्याकाठी ती पडकी पाणचक्की होती. फार पूर्वी कोण्या भाताच्या व्यापाऱ्याने बांधलेली. दगडी खोली, बाहेर लोखंडी चाक, आणि वरच्या अंगाने ओढ्याचं पाणी चाकावर आणणारा पाट. व्यापारी गेला, पाट गाळाने बुजला, चाक गंजलं, आतला हलर, म्हणजे भात भरडायचं यंत्र, कौलं पडलेल्या छपराखाली भिजत राहिला. बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. एक दिवस कल्याणच्या भंगारबाजारातून गोणपाटात गुंडाळून एक डायनामो घेऊन आले आणि जेवताना म्हणाले, "चाक चालू करायचं."

आईने भाकरी थापता थापता विचारलं, "भात भरडून देल का ते?"

"देल की. आणि दिवा पण लागंल. गावात लायटीचे खांब यायच्या आधी आपला दिवा लागंल."

"दिवा ऱ्हाऊ दे. भाताचं बोला. मुसळ सुटंल का माझं?"

"बघतो," बाबा म्हणाले.

आई थांबली, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बघतो नको. हो म्हणा." बाबांनी हसत हो म्हटलं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन, ताटावर बसले होते. मला ते सगळं थट्टेचं वाटलं. आईचा चेहरा मात्र थट्टेचा नव्हता.

आता पाट उपसायचा तर माणसं हवीत. मजुरी देण्याची ऐपत नव्हती, आणि गावात मजुरीची रीतही नव्हती. रीत होती सावडीची. आज तुम्ही माझ्या शेतावर राबा, उद्या मी तुमच्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. पैशाने ती फिटत नाही आणि कोणी ती बुडवत नाही, कारण बुडवली तर पुढच्या वर्षी त्या घराच्या बांधावर कुत्रंही फिरकत नाही. बाबांनी घरोघर जाऊन सावड मागितली आणि घरोघर मिळाली. वैशाखात शेतं मोकळी, पुरुष मोकळे, त्यात बाबांसारखा गोड बोलणारा माणूस. पाटावर रोज जत्राच. गाळ उपसत होते, दगड लावत होते, एकमेकांच्या सासुरवाडीची टवाळी करत होते. आई आणि मी दुपारी नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कैरीचं सार घेऊन जायचो. अर्थात ते सगळं त्याच पहाटे आईने दळलेलं आणि कुटलेलं. पोलीस पाटील पाटात गुडघाभर गाळात उभे राहून म्हणाले होते, "वयनी, आमच्या घरी पयला दिवा हां." आई भाकऱ्या वाढत राहिली. पाट झाला, चाकाचे सडलेले पत्रे बदलले, आणि बाबा गावभर राजासारखे फिरायला लागले.

बाबांच्या एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. हे आजही मला खरं वाटत नाही, पण तसंच झालं. सावड उन्हाळ्यात घेतली तरी ती फेडायची असते आवणीला. चिखलात भाताची रोपं लावायचा तो दोन-अडीच आठवड्यांचा हंगाम, तेव्हाच गावाला हात कमी पडतात, आणि लावणीचा हात असतो बाईचा. खणलं पुरुषांनी, फेडायचं आईने. बाबांना वाटलं होतं की चाक गावाचं, गावाने खणलं, विषय संपला. गावाच्या हिशेबात चाक आमच्या घराचं होतं. आणि गावाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मागताना बाबांनी तोंडाने 'सावड' हाच शब्द वापरला होता.

पाऊस लागला, शेतं चिखलली आणि रोज सकाळी कोणीतरी पडवीत येऊन उभं राहायचं. "वयनी, आज आमच्याकडं." आई इरलं डोक्यावर घ्यायची, भावाला पाठीशी बांधायची आणि निघायची. मी शाळा बुडवून मागोमाग. बांधावरच्या करवंदीच्या जाळीत इरल्याखाली भावाला ठेवायचं आणि दिवसभर वाकायचं. पाणी वरून, पाणी खालून. बायका गाणी म्हणायच्या ती सकाळी. दुपारनंतर नुसता चिखलाचा आवाज, पाय काढल्याचा आणि घातल्याचा. आमचं स्वतःचं शेत तसंच पडून होतं. राबावरची, म्हणजे पेरून वाढवलेल्या वाफ्यातली, रोपं पिवळी पडायला लागली, गाठी धरायला लागली. रोप म्हातारं झालं की त्याला फुटवे येत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. बाबा एकटेच आमच्या वावरात चिखल करत होते आणि लावायला कोणी नव्हतं.

"आपली आवणी ऱ्हायली गो," एका संध्याकाळी ते म्हणाले.

आई चुलीशी पाय शेकत बसली होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, त्यावर ती कोकमाचं तेल लावत होती. "तुमच्या चाकाची फेडते," एवढंच म्हणाली. रागाने नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

पण मला एक गोष्ट दिसली, ती बाबांना दिसली नाही. एका घरची सावड फिटली तरी आई त्या घरी पुन्हा जात होती. न बोलावता. चांगुणाकाकीच्या शेतात ती अशीच उतरली तेव्हा काकीने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "काय गो, तुमची फिटली ना? आज कशापायी आलीस?" आई वाकूनच म्हणाली, "असू दे. पुढं लागंल." काकीने रोपांची मूठ तिच्या हातात दिली. असं घरोघर झालं. आमची आवणी सगळ्यांत शेवटी, आई, मी आणि बाबा अशा तिघांनीच उरकली, आणि त्या वर्षी आमचं पीक गावात सगळ्यांत हलकं आलं. आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. नवऱ्याने 'हो' म्हटलं होतं, पण त्याआधी 'बघतो' म्हटलं होतं, आणि ती त्याला ओळखून होती.

भादव्यात ओढ्याचा जोर उतरला आणि चाक फिरायला लागलं. आधी कुरकुरलं, मग लय धरली. मी पाटाच्या काठावर उभी होते. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. नवरात्रात दिवेलागणीला देवीच्या देवळात बल्ब लागला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी देवीला हात जोडले आणि मग बाबांना. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना जन्मात एवढा मान मिळाला नव्हता, तो त्यांच्याकडून कोणी काढून घ्यावा असं मलाही वाटलं नसतं. नंतर पोलीस पाटलांच्या ओटीवर दिवा गेला, सरपंचांच्या गेला, गुरुजींच्या खोलीत गेला. आमच्या घरात कंदीलच होता. तार पुरली नाही.

दसऱ्यानंतर लवकर पिकलेलं थोडं नवं भात घरात आलं. देवाला नैवेद्य झाला आणि आई टोपली भरून पाणचक्कीवर गेली. मी बरोबर होते. आत हलर तसाच होता, पण त्याच्या आसाला मोठी पुली असते, जिच्यावरून पट्टा फिरतो, तीच नव्हती. ती बाबांनी काढून डायनामोकडे लावली होती. पुली एकच होती.

"पुढच्या साली कल्याणहून दुसरी आणतो," बाबा म्हणाले. "लोकांनी दिवे लावलेत गो. आता काढायचे कसे? लोक काय बोलतील?"

"आणि माझं मुसळ?"

"बघतो," बाबा म्हणाले.

आईने टोपली उचलली. दुसऱ्या दिवशी पहाटे उखळात पुन्हा तोच आवाज सुरू झाला. चांगुणाकाकीचा घाव भरीव पडायचा, आईचा आता अर्धवट. ती उजव्या हाताने मुसळ उचलायची आणि डाव्याने ढकलायची. मी म्हटलं, "आये, मी कांडते." ती म्हणाली, "तुला पुढं जन्म पडलाय त्याला."

मग बाकीच्या भाताच्या झोडणीचे दिवस आले. भाताचे भारे खळ्यावर आणून झोडायचे, हातघाईचा काळ, घरातल्या एकेका हाताची गरज. नेमका तोच मुहूर्त आईने धरला. संध्याकाळी मला घेऊन ती घरोघर गेली आणि प्रत्येक घरच्या बाईला म्हणाली, "माझी एक सावड हाय तुझ्याकडं. उद्या ये. येताना भात आण." कसलं काम म्हणून कोणी विचारलं नाही. सावडीला विचारत नाहीत. पुरुषांनी ओटीवरून ऐकलं, पण ते काय बोलणार? बाई आवणीला त्यांच्याच शेतात वाकली होती आणि सगळ्यांनी ते बघितलं होतं.

सकाळी बाबा पाणचक्कीच्या खोलीत वंगण घालत होते. चाक थांबलं. बाहेर आले तर पाटाच्या तोंडाशी फळी बसवलेली, पाणी ओढ्यात परत वळवलेलं, आणि पाटाच्या काठाने अख्ख्या गावच्या बाया भाताच्या टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या. मधोमध आई.

"पाणी कोणी तोडलं?" बाबांनी विचारलं.

"मी."

"काय चाललंय हे?"

"सावड बोलावलीय. भात भरडायचं काम हाय."

बाबा इकडे तिकडे बघायला लागले. तोवर खळी ओस पडलेली बघून पुरुष जमले होते. पोलीस पाटील पुढे झाले. "वयनी, रातीला दिवा नाय लागणार मग आमच्याकडं?"

आईच्या आधी चांगुणाकाकी बोलली. "भावोजी, तुमच्या घरात कंदील हाय ना? का तो पण चाकाला लावला?" बाया हसल्या. पाटील पण हसले. हसल्यावर त्यांना भांडता येईना.

"ती पुली काढून परत बसवायची म्हंजे दुपार व्हईल," बाबा आईला हळू आवाजात म्हणाले.

"होऊ दे. आमी बसलोय."

"माझी लाज काढलीस."

"तुमची नाय काढली. माझी पाठ काढली मी," आई म्हणाली. "तुमच्या दिव्यासाठी येक डाव वाकले. माझ्या तांदळासाठी दुसऱ्यांदा वाकले. आता आणखी वाकवत नाय मला."

बाबा आत गेले. हातोडीचे घाव ऐकू यायला लागले, आधी रागाचे, मग कामाचे. बाया बसून राहिल्या. कोणी पोराला पाजलं, कोणी दुसरीच्या केसांतल्या उवा बघितल्या. कित्येक वर्षांत एवढ्या बाया दिवसाउजेडी रिकाम्या बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. दुपार कलताना बाबांनी आतून हाक दिली, आईने फळी काढली, पाणी आलं. हलर असा काही घरघरला की कौलं हादरली. खालच्या तोंडातून तांदूळ पडायला लागला तेव्हा बाबांनीच आधी ओंजळ धरली. राग विसरून गेले होते. "बघ गो, बघ," म्हणत ओंजळ आईपुढे केली. आईने त्यात बोटं घातली. "गरम हाय," म्हणाली.

स्वतःची टोपली तिने सगळ्यांत शेवटी लावली होती. तोवर बसू म्हणून कोंड्याच्या गोण्यांना टेकली, आणि त्या घरघराटात तिला झोप लागली. तोंड उघडं, पदर कोंड्याने पांढरा. आईला दिवसा झोपलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी घाबरले. बाबा जवळ आले, तिच्याकडे बघत उभे राहिले. मला हाताने खूण केली, उठवू नको. चांगुणाकाकीने आमची टोपली हलरात ओतली आणि तांदूळ भरून आणून तिच्या पायाशी ठेवला.

उठली तेव्हा तिने टोपली डोक्यावर घ्यायला हात उचलला आणि तो खांद्याच्या वर जाईना. त्या दिवशी वाटलं, अवघडला असेल. तो पुढे कधीच वर गेला नाही. तिची वेणी मी घालून द्यायची, नंतर नितीनच्या आईने. मुसळ सुटलं खरं, पण ज्या वर्षी सुटलं त्या वर्षी ते उचलणारा हातच गेला होता. दवाखान्यात असे आखडलेले खांदे मी पुढे शेकडो बघितले. त्या पावसाळ्यात कोणी तिला थोडे दिवस बसू दिलं असतं तर हात वाचला असता, हे मला आता कळतं. बाबांनी पुढच्या वर्षी दुसरी पुली आणली. दिवसा भात, रात्री दिवा असं काही वर्षं चाललं, मग विजेचे खांब आले आणि चाक थांबलं. बाबा चांगले होते, मी त्यांची लाडकी होते, आणि माझा त्यांच्यावर अजून राग आहे. दोन्ही खरं आहे. या वयात आता कुठलंच एक सोडवत नाही.

हे सगळं मी गेल्या महिन्यात नितीनला ओटीवर बसून असं सलग सांगितलं नाही. पाट बघून आलो होतो, माझे गुडघे दुखत होते. त्याची बायको प्रिया चहा देऊन दाराशी टेकली होती. नितीन उत्साहाने म्हणाला, "आत्या, खर्चाचं टेन्शन नाय. पाट उपसायला गाव तयार हाय. सावडीनं."

"आणि फेडायला कोण जाणार?" मी विचारलं.

नितीन बोलायच्या आधी दारातून प्रिया म्हणाली, "मीच की. दुसरं कोण?" अगदी साध्या आवाजात, जसं काही ते ठरलेलंच होतं.

"मग तिला विचारलंस का, तिला चाकाकडून काय पायजे?" मी नितीनला म्हटलं. त्याने तिच्याकडे बघितलं. तीही गोंधळली. मग म्हणाली, "दिव्याचं काय, दिवे हायेत. ओढ्याचं पाणी वर घरापर्यंत चढंल का, त्या चाकावर? मला चढण चढवत नाय आता हंडा घेऊन."

"पंप लागंल त्याला," नितीन म्हणाला. "बघतो."

मी कप खाली ठेवला. "बघतो नको," म्हटलं. "हो म्हण, नायतर नाय म्हण. आणि नाय म्हणणार असशील तर सावड मागू नकोस."

तो आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघून हो म्हणाला. प्रियाने ते ऐकलं, मान हलवली, आणि कोपऱ्यातला रिकामा हंडा कमरेवर घेऊन पाण्याला गेली.